राखेखालचा जोड

१४ जानेवारी २०२५

मंगेश,

वर आशीर्वाद लिहिणार होतो, पण तू ते ठेवून घेशील की परत पाठवशील याची खात्री नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. पत्ता धक्क्यावरच्या सुशांतने दिला. बोट घेऊन वेरावळला आला होता तेव्हा तुझ्या वर्कशॉपात चहा पिऊन गेला म्हणे. फोन तू माझा उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

बातमी अशी की तुझा भावोजी वेल्डिंग शिकतोय. हस. सहासष्टाव्या वर्षी. साठी बुद्धी नाठी म्हणतात, माझी सहा वर्षं उशिरा नाठली. गेल्या वर्षी छातीत स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी समुद्र बंद केला. वेल्डिंग चालेल का विचारलं तर ते म्हणाले, स्प्रिंगला चालेल, तुमच्या डोळ्यांचं तुम्ही बघा.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीने कसालला जातो. तिथे हायवेला लागून संचिता नावाच्या मुलीचं वर्कशॉप आहे. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई, खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवते. तिच्याकडे तीन शिकाऊ आहेत, मी चौथा. पहिल्याच दिवशी तिने मला खडू दिला. म्हणाली, "काका, पयलो आठवडो रॉडाक हात लावूचो नाय. फरशेर रेघो मारा. हात सरळ चालाक लागलो की मगे बगूया." मी चाळीस वर्षं समुद्रात बोट सरळ चालवली, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "समुद्रात रेघ उमटता खंय?"

शिकतोय ते गेट बनवायला नाही. मला बोटीचं मॉडेल करायचं आहे, लोखंडी. लाकडाची आणि शिंपल्यांची मॉडेलं मालवणच्या बाजारात पर्यटकांना हवी तेवढी मिळतात. मला पत्र्याची, जोड मारलेली, हातात घेतली तर वजन लागेल अशी बोट हवी आहे. म्हातारपणीचं खूळ समज.

अडचण एवढीच की पातळ पत्र्याला रॉड टेकवला की भोक पडतं. तुझ्या हाताला ते कधी पडत नव्हतं. तू काय करायचास ते कळव. हे पत्र तुझ्या ताईला, सावित्रीला, माहीत नाही. तुझं नाव ती अजून घेत नाही.

भिकाजी


९ फेब्रुवारी २०२५

मंगेश,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे अर्धं काम झालं.

भोकांचा बंदोबस्त संचितानेच केला. बारीक रॉड, कमी करंट, आणि सलग जोड मारायचाच नाही. "एक टाको हय, दुसरो थय. मधी थांबा. लोखंडाक दम खावंदे. घाई केलास तर पत्रो वाकतलो." मी घाई केली आणि पत्रा पापडासारखा वाकला. तो तिने भिंतीवर टांगून ठेवला आहे. नवीन माणूस आला की दाखवते, ह्यो काकांचो पापड.

मागच्या शुक्रवारी आणखी एक पराक्रम केला. घरी पडलेला जस्ताचा पांढरा पत्रा फुकटचा म्हणून घेऊन गेलो आणि ती गेट द्यायला गेली असताना त्याला रॉड लावला. पांढरा धूर झाला, गोडसर चव आली. रात्री थंडी वाजून ताप. सावित्रीला वाटलं हृदयाचंच काही झालं. दुसऱ्या दिवशी संचिताने मला फोनवर असं झाडलं की सावित्रीला स्वयंपाकघरात ऐकू गेलं. इचारूचा तरी, काका! तुला हे सगळं माहीत असणार. तुझ्या हातात काळा पत्रा असायचा की पांढरा, मी कधी बघितलं नाही. मला फक्त किती वाजता होईल एवढंच विचारता यायचं.

एका फुटाला अर्धा इंच असं माप धरलं आहे. बेचाळीस फुटांची बोट एकवीस इंचांत येते. कठड्याला सायकलच्या तारा, पंख्याला जुन्या पितळी तांब्याचं बूड. पितळेला टाकणखार लावून डाख द्यायला शिकलो. कानस चालवून अंगठ्याची कातडी गेली. मला हे काम आवडतं, हे कबूल करायला हरकत नाही.

कुठली बोट ते तू ओळखलं असशील. आपली ‘आकांक्षा’च.

तिच्याबद्दल लोकांना माहीत आहे ते असं. दोन हजार आठच्या नारळी पौर्णिमेला, हंगामाच्या तोंडावर, सुकाणूचा दांडा तडकलेला दिसला. भिकाजीच्या मेव्हण्याने, म्हणजे तू, तो जोडून दिलास. चौथ्या दिवशी खडपांजवळ वाऱ्यात तो दांडा जोडावरच तुटला. बोट खडकावर गेली. मी आणि दोघे पोहून आलो. बाबू मागे सुकाणूपाशी होता, तो आला नाही. आनंदीबाईचा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर तुझ्या वर्कशॉपात कोणी काम आणलं नाही. आनंदीबाई तुझ्या दारात उभी राहून रोज संध्याकाळी शिव्याशाप द्यायची. सावित्रीने तुला उंबरठ्यावरून परत पाठवलं. दिवाळी झाल्यावर तू आणि शर्मिला संसार आवरून गेलात. हे सगळं तुला माहीत आहे. मी माझ्यासाठी लिहितोय, मॉडेल करताना सगळं क्रमाने आठवावं लागतं.

भिकाजी


२३ मार्च २०२५

मंगेश,

बोटीचा सांगाडा उभा राहिला. केबिन बसवली. काळा रंग मी मुद्दाम दिला नाही, जोड दिसू देत म्हटलं. काही जोड चांगले आले आहेत, काहींवर मुंग्यांनी वारूळ केल्यासारखं दिसतं.

मॉडेल घरी आणलं तेव्हा सावित्री तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिने ते बराच वेळ बघितलं. मला वाटलं, विचारेल. तिने एवढंच विचारलं, "हेचा सुकाणू खंय आसा?" मी म्हटलं, शेवटाक बसवतलंय. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्या दिवशी ती जेवली नाही, उपास आहे म्हणाली. वार शनिवार होता, तिचा शनिवारचा उपास नसतो.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी आनंदीबाई आली. आता ब्याऐंशीची आहे, डोळ्याला कमी दिसतं, म्हणून हात फिरवून बघते. पुढून मागे हात नेला आणि मागच्या टोकाला थांबली. "हयसर उभो रवायचो माझो बाबू," म्हणाली. मग तिने दोन बोटांनी ती जागा पुसली, तिथे धूळ नव्हती तरी. म्हणाली, "सुकाणू घालू नको, भिकाजी. मंगेशान केल्लो जोड माका परत बगूचो नाय. तेचे हात झडांदे."

सतरा वर्षांनीही तिच्या तोंडून ते तसंच येतं, ताजं. सावित्री आत होती, तिने ऐकलं. मी आनंदीबाईला चहा दिला आणि घरापर्यंत पोहोचवून आलो. वाटेत काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

भिकाजी


४ मे २०२५

मंगेश,

आज सरळ लिहितो. नमनाला घडाभर तेल मागच्या तीन पत्रांत गेलं.

त्या पौर्णिमेला तू सकाळी दांड्याला जोड मारलास. जुन्या ट्रकच्या ॲक्सलचा दांडा होता तो, तूच म्हणाला होतास की हे लोखंड रागीट आहे. आधी करवंट्यांच्या निखाऱ्यावर तो शेकलास. मी म्हटलं, भाकरी भाजतंस काय? मग जोड मारून अर्ध्या पिंपात गरम राखेखाली पुरलास आणि मला म्हणालास, "भावोजी, फाल्या सकाळपर्यंत हात लावू नको." मग तू आमच्या घरी गेलास, सावित्रीकडून राखी बांधून घ्यायला.

धक्क्यावर मी आणि बाबू उरलो. नारळ वाढवायचा मुहूर्त साडेबारापर्यंत होता. तुझ्या उद्या सकाळसाठी तो थांबणार नव्हता. नवीन जाळं असो, इंजिन असो, दुरुस्त केलेला दांडा असो, त्यावर नारळ फोडल्याशिवाय माझ्या आज्यानेही बोट पाण्यात घातली नव्हती. आणि नारळ वस्तूवर फोडतात, पिंपातल्या राखेवर नाही. बांबूने राख बाजूला केली. जोड अजून तापलेला होता. नारळ फोडला आणि पाणी त्याच्यावर सोडलं. चर्र झालं, वाफ आली. बाबू हसून म्हणाला, "भिकादा, जोडान पाणी पिल्यान!" आम्ही दोघांनी खोबरं खाल्लं. मी राख पुन्हा वर ओढली, होती तशी केली.

दुसऱ्या दिवशी तू दांडा काढून बसवलास. राखेत पाण्याने झालेल्या गुठळ्या बघितल्यास, पण तेव्हा बोलला नाहीस. बोललास तो बाबूला जाळून आल्यावर, सगळ्यांसमोर. "भावोजी, राख कोणी काढल्यान?" आणि मी म्हटलं, "कोणी नाय."

एवढं झालं.

तेव्हा मला लोखंडातलं काही कळत नव्हतं, हे खरं आहे. पण तू दांड्याचा तुटका तुकडा मागितलास तेव्हा तो समुद्रात गेला असं मी सांगितलं. तो खडकावरच्या बोटीत, सुकाणूच्या नळीत अडकून राहिला होता. मी तो खाडीत टाकला. ज्याला काही कळत नाही तो तुकडा कशाला टाकेल? चोराच्या मनात चांदणं. टाकण्यापूर्वी तुटलेली बाजू बघितली होती. कडेला चकचकीत दाणे होते.

परवा मी भंगारातून ॲक्सलचा तुकडा घेऊन कसालला गेलो. पिशवीत नारळ होता. संचिताला म्हटलं, याला दोन जोड मारून दे, एक राखेत ठेव, एकावर मी नारळ फोडतो. ती म्हणाली, "काका, हेका पाणी लावूक जमाचा नाय, तडकतलो." म्हटलं, लावूनच बघायचं आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग काही विचारलं नाही. तुझ्यासारखंच तिने लोखंड आधी शेकलं. नारळ मी फोडला. तोच आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे शिकंज्यात धरून तिने घण माझ्या हातात दिला. राखेतला वाकला, तुटला नाही. नारळाचा दुसऱ्या ठोक्याला गेला. जोडाच्या अगदी कडेला. दाणे तेच होते, फोडलेल्या खडीसाखरेसारखे.

मी तिथे स्टुलावर बसलो. संचिताने पाणी दिलं. मला रडू आलं नाही. मला तुझी फार आठवण आली. तू भर उन्हात निखाऱ्यांपुढे बसून त्या दांड्याला शेक देत होतास आणि मी घड्याळ बघत होतो.

खूळ वगैरे काही नव्हतं. बोट करायला घेतली ती इथपर्यंत यायलाच. कोणाला तरी विचारता आलं असतं, पण विचारलं तर सांगावं लागलं असतं.

भिकाजी


१५ जून २०२५

मंगेश,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर एकच ओळ असली तरी पोस्टमनने ती वाचलेली असते, हे लक्षात ठेव. सुदैवाने आमचा नवा पोस्टमन घाटावरचा आहे, त्याला यातलं काही माहीत नाही.

‘ताईला सांगितलं का?’

नाही.

कारणं बरीच आहेत. ती सगळी मी एका कागदावर लिहून बघितली आणि वाचल्यावर मलाच त्यांची लाज वाटली. तिचा रक्तदाब, माझी स्प्रिंग, लोक काय म्हणतील, आता सांगून बाबू परत येणार आहे का. शेवटचं तर मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवत आलोय. पण बाबूचं एक आहे आणि तुझं एक आहे. तू जिवंत आहेस. तुला परत यायला जागा नाही आणि ती जागा मी अडवून बसलोय.

संचिताने आता पैसे घेणं बंद केलं आहे. म्हणते, काका शिकून झाले, आता नुसते बसूक येतत. खरं आहे. तिच्याकडे मला कोणी ओळखत नाही, म्हणून बरं वाटतं.

तू आणखी काही लिहिलं नाहीस. शिवी तरी लिहायचीस. एका ओळीला काय उत्तर द्यावं ते कळत नाही, म्हणून हे एवढं लिहिलं. सांगतो. तारीख देत नाही.

भिकाजी


२२ जुलै २०२५

मंगेश,

सावित्रीला सांगितलं. काल दुपारी, जेवण झाल्यावर. पाऊस होता, वीज गेली होती, पंखा बंद होता. ती सुपारी कातरत असताना मी बोलायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत थांबलो नाही. अडकित्ता तिच्या हातात तसाच उघडा राहिला.

रडेल, ओरडेल, अशी मी तयारी ठेवली होती. तिने विचारलं, "किती वाजलेले?"

"कधी?"

"राख काढलंस तेव्हा."

"बारा वाजान गेल्ले."

ती म्हणाली, "त्या येळाक मी तेका ओवाळीत होतंय."

मग ती उठून मागच्या पडवीत गेली. तासाभराने परत आली ती चेहरा धुऊन. माझ्यासमोर उभी राहिली, बसली नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, तुला ते कळायला हवेत.

"दारात इल्लो माझो भाव. माका म्हणालो, ताई, जोड माझो बरो होतो. मी म्हटलंय, परत पाय ठेवू नको. तू माझ्या पाठीमागे उभो होतंस, भिकाजी. तू ऐकत होतंस."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिने मला नावाने कधी हाक मारली नव्हती.

मी म्हटलं, माझी चूक झाली. ती म्हणाली, "माका सांगान काय करूचा? माझो भाव माका कसो परत मिळवूचो ता माझा मी बगतंय. आनंदीबायचो झील गेलो, तिका सांग. आणि घरात बसान नको सांगू. मंगेशाक जेनी जेनी दोष दिल्लो, ते सगळे आसतीत थय सांग."

सगळे असतात अशी जागा एकच आहे. नारळी पौर्णिमेचा धक्का. अठरा दिवस आहेत.

ती आता पडवीत झोपते. जेवण वाढते, बोलत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

भिकाजी


१० ऑगस्ट २०२५

मंगेश,

काल झालं. झालं तसं लिहितो.

धक्क्यावरचं गाऱ्हाणं गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे, तू गेल्यानंतर आलं. थोरला जुना बोटवाला म्हणून. सोनेरी कागद लावलेला नारळ दोन्ही हातांत धरून मी पुढे उभा राहतो, दर्याला सांगणं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळा धक्का म्हणतो, व्हय म्हाराजा. काल अडीच-तीनशे माणसं असतील. बायका नेहमीसारख्या मागे, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी. आनंदीबाईला सावित्रीने हात धरून आणलं होतं. का आणलं ते तिला सांगितलं नव्हतं.

"बा दर्यादेवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां नारळ घेवन तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाकडसून कळत-नकळत काय चूक झाली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

पुढचं वाक्य ठरलेलं आहे, ती पोटात घाल आणि सगळ्यांची राखण कर. दरवर्षी म्हणतो. काल मी म्हटलं, "ती चूक माझ्याकडसून झाली."

"व्हय म्हाराजा!"

सवयीने म्हणाले. कोणी ऐकत नसतं, मंगेश. आवाज थांबला की उत्तर द्यायचं, एवढंच.

"सतरा वर्सांमागे आजच्या दिसाक, आकांक्षाच्या सुकाणूचो जोड राखेत होतो. ती राख मी काढलंय."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज थोडा कमी होता. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे माझ्याकडे बघायला लागले.

"गरम जोडार मी नारळ फोडलंय. म्हणान तो तडकलो."

अर्धे म्हणाले, अर्धे नाही.

"मंगेशान सगळ्यांसमोर इचारल्यान, राख कोणी काढल्यान? मी खोटा बोललंय."

त्याला फक्त सत्यवान म्हातारा म्हणाला, व्हय म्हाराजा, मोठ्याने. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. कोणीतरी त्याचा हात दाबला.

"बाबू गेलो तो माझ्यामुळे. मंगेशाचो काय एक दोष नाय."

याला कोणी काही म्हणालं नाही. मागून उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाण्यातलं वाक्य दर्यापर्यंत पोहोचत नाही असं आपण लहानपणापासून मानतो, आणि हे वाक्य पोहोचायला हवं होतं. मी तसाच उभा राहिलो.

मग मागून, बायकांतून आवाज आला. बायका गाऱ्हाण्याला उत्तर देत नाहीत. बारीक, फाटलेला आवाज होता.

"व्हय म्हाराजा."

आनंदीबाई होती. सावित्रीचा हात सोडून ती माणसांतून वाट काढत पुढे आली, लोक बाजूला होत गेले. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने चाचपून माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या समर्थला दिला. पोरगा गेल्या वर्षीच बोटवाला झालाय, घाबरून गेला होता. ती त्याला म्हणाली, "तू सोड. ह्येच्या हातचो नारळ दर्याक नको." नारळ समर्थने सोडला.

मला ती काही बोलली नाही. घरी जाताना सावित्रीला बोलली, ते सावित्रीने मला रात्री सांगितलं. तुला कळवायला म्हणून सांगितलं, माझ्याशी बोलायला म्हणून नाही. आनंदीबाई म्हणाली, "मंगेशाक बोलवन घे गो. मी तेका दिल्ले शाप माका परत घेवचे आसत. ते तेच्या तोंडार घेवक लागतत, पत्रान घेवक येणत नाय. आणि माका आता चार दिस रवले."

आज सकाळी धक्क्यावर गेलो तर ज्यांच्याबरोबर रोज चहा घेतो ते उठून गेले. चहावाल्याने ग्लास पुढे केला, पण त्यानेही तोंड फिरवलं. तू हे तीन महिने काढलेस आणि मग गाव सोडलंस. मी एकच सकाळ काढली आहे. तेव्हा तुझ्यावर काय आलं ते आज थोडं कळलं, आणि तुझ्या वाट्याला जे आलं ते तुझं नव्हतंच.

चतुर्थीच्या आधी ये. सावित्री कुडाळ स्टेशनवर येईल, रिक्षा घेऊन. तू उतरल्यावर मी तिथे असू नये असं तिने सांगितलं आहे, आणि घरी आल्यावरही दोन दिवस मी कसालला राहावं असं तिचं म्हणणं आहे. संचिताला विचारून ठेवलं, तिच्याकडे खाट आहे.

आनंदीबाईच्या दारात मात्र एकटा जा. ती वाट बघते आहे, आणि तिला आता माणूस आवाजावरूनच ओळखू येतो, तेव्हा बाहेरूनच नाव सांग.

भिकाजी